बुद्धाची डावी बाजू

समाधान ओव्हाळला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या गाडीवरून हात फिरवत होता. सकाळची वेळ होती. वाकडच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या मुलाची, मिहिरची गाडी उभी होती आणि तिच्या मागच्या दारापाशी एक मध्यम उंचीचा, पस्तिशी उलटलेला माणूस वाकला होता. डोळे जवळजवळ मिटलेले. तळहात सपाट ठेवून तो दारावरून मागच्या चाकाकडे सावकाश नेत होता आणि पुन्हा मागे आणत होता. बाजारात बैल पारखणारा माणूस बैलाच्या पाठीवरून फिरवतो तसा.

आमचा वॉचमन ज्योतीराम लातूरकडचा. तो माझ्या आधी तिथे पोचला होता.

"काय करायलाव सर? इकत घ्यायची हाय का मालिश चालू हाय?"

तो माणूस दचकून सरळ झाला. मला पाहून जास्तच ओशाळला. "सॉरी बाई. गाडी तुमची का? सी विंगमध्ये नवीन राहायला आलोय मी. हिचं मागचं दार मी केलंय, म्हणून जरा..."

"म्हणजे बसवलंत?" मी विचारलं. मला वाटलं, चाकणच्या एखाद्या कंपनीत लाइनवर असेल.

"नाही. केलंय. मातीत."

मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. गाडीचं दार कोणी मातीत करतं हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं विचारायची खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही. त्या दिवशी त्याची कंपनीची बस चुकता चुकता राहिली.

पुढे ओळख वाढली तसं त्याचं काम मला कळलं. नवी गाडी बाजारात येण्याच्या कितीतरी आधी ती संगणकावर काढतात, आणि मग खऱ्या मापाची मातीत करून पाहतात. ही माती कुंभाराची नाही. तपकिरी रंगाची, भट्टीत गरम केली की लोण्यासारखी होणारी, गार झाली की साबणासारखी कापता येणारी. ती सांगाड्यावर थापायची आणि पोलादी पट्टीने खरवडत खरवडत गाडीला आकार आणायचा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा तळहाताला कळतो, म्हणून ही मंडळी सतत हात फिरवत असतात. ती सवय पार्किंगमध्येही जात नाही.

एक गोष्ट त्याने तेव्हाच सांगितली होती. ते हाताने पुष्कळदा अर्धीच गाडी करतात. अर्ध्या बाजूचं माप यंत्र घेतं आणि दुसरी बाजू तेच मातीत कोरून काढतं, आरशात पाहिल्यासारखी. दोन्ही बाजूंत केसाइतकाही फरक राहत नाही.

"मग निम्मं काम वाचलं की," मी म्हणाले.

"हो ना," तो म्हणाला, "ओव्हरटाइम मात्र वाचत नाही."

समाधानला ही माती मिळण्याआधी शाडू मिळाला होता, आणि तो थेरगावात मिळाला होता. त्याचे वडील किसन ओव्हाळ पिंपरीतल्या एका फाउंड्रीत कामाला होते. घर कामगार वस्तीत. मुलगा दहावीला असताना वह्यांच्या मागे चेहरे काढत बसतो, हे पाहून वडिलांनी त्याला सायकलवर बसवलं आणि डांगे चौकाच्या मागे सोपानरावांच्या शेडमध्ये नेऊन सोडलं. "शिकवा ह्याला. न्हाई आलं तर परत पाठवा, मी कंपनीत चिकटवतो."

सोपानरावांना सगळं थेरगाव नाना म्हणतं. जुन्या गावातलं घराणं. आजूबाजूला इमारती उठल्या, समोर मोबाइलची आणि मोमोची दुकानं आली, तरी नानांची पत्र्याची शेड जागची हलली नाही. तिथे गणपती झाले, घोड्यावरचे शिवाजी महाराज झाले, बोट उंचावलेले बाबासाहेब झाले, गावोगावचे सरपंच आणि त्यांचे वडील झाले. समाधान शाळा, मग आर्टचा डिप्लोमा, असं सगळं करत आठ-दहा वर्षं त्यांच्याकडे जात राहिला. चाकणची नोकरी लागली तेव्हा नानांनी पेढे वाटले आणि म्हणाले, "जा. पन आठवड्यातून एकदा खऱ्या मातीत हात घाल, न्हाईतर बोटं कंपनीची व्हत्याल."

नानांचं एक वाक्य समाधान मला नेहमी सांगायचा. "मान्साच्या तोंडाच्या दोन बाजू सख्ख्या नसत्यात, चुलत असत्यात." एक भुवई जरा वर, एका ओठाच्या कोपऱ्यात जरा जास्त हसू. नाना आधी एक बाजू करायचे, मग दुसरी, आणि दुसरी करताना पहिलीवर ओला कपडा टाकायचे. तिच्याकडे बघून करायची नाही, असा त्यांचा दंडक. त्यामुळे त्यांचे पुतळे कधी थोडे वाकडे वाटत. एका गावाने सरपंच परतही पाठवला होता, "आमचे अण्णा डोळा मारल्यासारखे दिसतात" म्हणून. नानांनी तो तसाच शेडच्या दाराशी उभा करून ठेवला. म्हणाले, "अण्णा डोळा मारायचेच. आख्ख्या गावाला ठाव हाय."

किसनराव वारल्यानंतर दोन वर्षांनी वस्तीतल्या विहाराची नवी इमारत झाली. जुनी प्लास्टरची मूर्ती लहान होती आणि तिचा एक कान उडालेला होता. विहाराच्या समितीने ठरवलं, नवी बुद्धमूर्ती आपल्याच पोराने करायची. समाधानला बोलावलं. हार वगैरे घातला नाही, नुसता चहा पाजला आणि सांगितलं, "बुद्धपौर्णिमेला बसवायचीय. किसनभाऊ असते तर त्यांनीच सांगितलं असतं." वडिलांचं नाव काढल्यावर तो नाही म्हणू शकला नसता, आणि त्याला नाही म्हणायचंही नव्हतं.

त्या काळात तो मला फार कमी दिसला. कंपनीत नवीन मॉडेल अंतिम टप्प्यात होतं. त्याची बायको श्रद्धा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. ती लिफ्टमध्ये भेटली की म्हणायची, "बाई, आमच्याकडे सध्या दोन बाळंतपणं आहेत. एक चाकणला, एक मारुंजीला." मारुंजीत एका मित्राचा रिकामा गाळा मिळाला होता, तिथे तो मूर्ती करत होता.

मूर्ती बसवली त्या दिवशी मी गेले होते. इतकी माणसं असूनही विहारात ओरडा नव्हता. पांढऱ्या साड्यांमधल्या बायका, मेणबत्त्या, भन्तेंचा शांत आवाज. पडदा सरकला. मला मूर्तिकलेतलं काही कळत नाही, पण त्या चेहऱ्यापुढे माझ्या मनातलं बोलणं थांबलं, एवढं सांगू शकते. डोळे मिटलेले, ओठ मिटलेले, पण काही बंद केलंय असं वाटत नव्हतं. गिरजाबाई साळवे म्हणून विहाराच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा आहेत, महापालिकेच्या दवाखान्यातून आया म्हणून निवृत्त झालेल्या. त्या माझ्या शेजारी होत्या. त्या नुसत्या म्हणाल्या, "आला गं माय."

नानाही आले होते, पत्नी केसरबाईंना घेऊन. त्यांना पुढे खुर्ची दिली. ते बराच वेळ मूर्तीकडे बघत बसले. समितीने दोन शब्द बोलायला सांगितलं तर माइक हातात न घेताच म्हणाले, "दोन्ही बाजू अशा एकमेकीशी न भांडता बसवनं मला जलमभर जमलं न्हाई. माझ्या हातनं ह्ये झालं नसतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी समाधानकडे पाहिलं. शिष्याला गुरूकडून आणखी काय हवं असतं? पण तो एखाद्याने सगळ्यांसमोर चोरी पकडावी तसा खाली बघत होता. मी त्याला नम्रपणा समजले.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे समाधानला आणखी दोन विहारांकडून आणि एका शाळेकडून विचारणा आली, आणि तो सगळ्यांना टाळत राहिला. दुसरी म्हणजे नानांनी शेड बंद केली. हाती असलेलं काम त्यांनी दुसऱ्याकडे पाठवलं. एका तालमीचा पुतळा ठरत होता, तिथल्या माणसांना "समाधानकडं जा" म्हणून सांगितलं. केसरबाई समाधानला फोन करून म्हणाल्या, "काय झालंया त्यास्नी? दिसभर टीव्हीम्होरं बसत्यात. मी म्हनलं आजारी हायसा का, तर म्हनत्यात, शिष्य मोठा झाला की गुरूनं येळंवर उठावं."

नानांची प्रकृती उत्तम होती. सत्तरीत त्यांच्या हाताला कंप नव्हता.

मी या गोष्टीत शिरले ती मानपत्रामुळे. विहाराच्या समितीने समाधानचा सत्कार ठरवला आणि मी निवृत्त शिक्षिका, मराठीची, म्हणून मानपत्राचा मजकूर माझ्याकडे मागितला. मी लिहिला. आवडीने लिहिला. त्यात एक वाक्य होतं, "ही मूर्ती त्यांनी स्वतःच्या हातांनी, कोणाच्याही मदतीविना घडवली." मसुदा समाधानच्या फोनवर पाठवला, नावं-गावं तपासायला. त्याच दुपारी तो दारात उभा राहिला. रजा टाकली होती.

चहा घेतला नाही. म्हणाला, "बाई, ते एक वाक्य काढता येईल का?"

"कोणतं?"

"हातांनी घडवली, ते."

"अरे, मग कशाने घडवली?"

त्याने सांगितलं. चेहऱ्याची उजवी बाजू त्याने हाताने केली होती. कंपनीच्या मातीत, कारण तिची सवय; साचा नंतर तिच्यावरूनच काढायचा होता. कित्येक रविवार लागले, पण ती उतरली. मग उजव्या बाजूवर कपडा टाकून तो डावीला बसला. डावी येईना. केली की मोडायचा. कधी गाल सुजल्यासारखा, कधी ओठाचा कोपरा कडवट. पौर्णिमा जवळ येत चालली. कंपनीत शनिवारही लावले होते. शेवटी त्याने मूर्तीचं डोकं उतरवलं, चादरीत गुंडाळलं आणि चाकणच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नेलं. तिथे कंपन्यांची मॉडेलं कोरायचं यंत्र आहे. सकाळी लावलं. संध्याकाळी डावी बाजू तयार होती. उजवीची जुळी बहीण.

"मी ठरवलं होतं, त्यावर परत हात फिरवायचा. थोडी बदलायची, आपली करायची. पण बघितली आणि भीती वाटली. हात लावला तर बिघडेल. माझ्याच कामाला हात लावायची मला भीती वाटली, बाई."

मी शिक्षिका आहे. माझ्यासमोर कोणी मान खाली घालून उभा राहिला की माझं पहिलं काम त्याला धीर देणं. मी म्हणाले, "अरे, पण उजवी बाजू तुझीच ना? तीच तर डावीकडे उतरली. यंत्राने काय स्वतःच्या मनाचं थोडंच केलं?"

"श्रद्धा पण हेच म्हणते. मी कंपनीत रोज हेच म्हणतो. तिथे मला काही वाटत नाही. दार डावं काय, उजवं काय, सारखं नसलं तर ती चूक. मशीनला मी वाईट म्हणत नाही, माझं घर चालतं त्यावर. पण इथे मला जिथे येत नव्हतं तिथून मी पळालो. आणि लोकांनी नेमका तिथेच हार घातला. नानांनी काय वाखाणलं, ऐकलंत ना तुम्ही? दोन्ही बाजू भांडत नाहीत. भांडणार कशा? त्या एकच आहेत."

मी पाण्याचा पेला त्याच्यापुढे ठेवला. तो त्याने नुसता हातात धरला.

"मी विहारात गेलो की भिंतीच्या कडेला बसतो. तिथून फक्त उजवी बाजू दिसते."

त्याला मानपत्राची एवढी काळजी नव्हती. त्या रविवारी नानांच्या शेडमध्ये भंगारवाला येणार होता. लोखंडी सांगाडे, जुने साचे, फिरते पाट, सगळं नेणार होता. रिकामी झालेली जागा नानांचे पुतणे पार्किंगला भाड्याने देणार होते. केसरबाईंचा फोन आला होता.

"नानांनी स्वतःला माझ्याशी मोजलं," समाधान म्हणाला, "आणि ते हरले असं त्यांना वाटतंय. ज्याच्याशी मोजलं तो मी नव्हतोच."

"मग सांग त्यांना."

"सांगितलं तर मी त्यांच्या मनातून उतरतो, बाई. वडील गेल्यावर मला नाना म्हणजे... आणि नाही सांगितलं तर रविवारी टेम्पो येतो."

तरीही मी एकदा म्हणून पाहिलं, "नुसतं एवढंच सांग ना, की शेड बंद करू नका, मला अजून शिकायचंय."

"सांगितलं. हसले. म्हणाले, उस्तादाला आता मी काय शिकवू."

रविवारी मी त्याच्याबरोबर गेले. "तुम्ही नुसत्या बसा," एवढंच तो म्हणाला होता. मोटारसायकलवर मागे बसायला माझे गुडघे तयार नव्हते, म्हणून रिक्षा केली. डांगे चौकात गर्दीत अडकलो तेव्हा तो रिक्षातून उतरून पायीच निघाला आणि मग मी एकटी मागे आहे हे आठवून परत आला.

शेडमध्ये नाना खुर्चीवर बसले होते, अंगात बनियन, मांडीवर वर्तमानपत्र. सांगाडे एका कोपऱ्यात रचून ठेवलेले. केसरबाई सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. माझ्यासाठी त्यांनी स्टूल पुसून दिलं.

"या उस्ताद," नाना म्हणाले. "आन् बाईस्नी घिऊन आलास. पेढे न्हाई आनले?"

समाधान बसला नाही. उभ्यानेच, शाळेत पाठांतर म्हणावं तसं, सगळं सांगून टाकलं. उजवी बाजू, कपडा, पौर्णिमा, चाकण, यंत्र. एकही गोष्ट सावरून सांगितली नाही. सांगून झाल्यावर म्हणाला, "नाना, ती डावी बाजू माझी नाही."

केसरबाईंचा हात सुपात थांबला होता. नानांनी वर्तमानपत्राची घडी घातली. दोनदा घातली.

"म्हंजी निम्मा बुद्ध तुझा आन् निम्मा कंपनीचा."

"हो."

"आन् मी त्या कंपनीच्या गालाला हात जोडून आलो."

नाना हसतील असं मला वाटलं. वाक्य हसण्यासारखं होतं. पण त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. "मशीन लावलंस ह्याचा मला राग न्हाई. आमच्या येळंला मशीन असतं तर मी बी लावलं असतं येखाद्या सरपंचाला. पन लेका, मी पौर्निमेपासनं हितं बसलोय. सकाळी उठतो, हाताकडं बघतो, म्हनतो, सोपाना, तुझं झालं आता. जलमभर केलं ते येडंवाकडंच केलं. हिला इचार. आन् तू फोनवर 'नाना जेवलात का' इचारत व्हतास."

"नाना..."

"गप. मला म्हातारा हुताना बघत बसलास तू."

बाहेर मोमोवाल्याच्या दुकानातलं गाणं ऐकू येत होतं. समाधानचे डोळे भरले होते, पण तो ते पुसत नव्हता. पुसले तर दया मागितल्यासारखं होईल, असं बहुधा त्याला वाटलं असावं.

शेवटी केसरबाईच म्हणाल्या, "आता त्या टेम्पोवाल्याला काय सांगू? निघाला आसंल त्यो."

"सांग, मालक जिता हाय," नाना म्हणाले.

मग उठून त्यांनी कोपऱ्यातला वरचा सांगाडा ओढला. समाधान मदतीला पुढे झाला तर त्यांनी हाताने थांबवलं. "तू जा आता. आन् मला लगीच माफ करायला लावू नगंस. माझा राग मला पुरवून खाऊ दे."

परत येताना रिक्षात मी त्याला म्हणाले, "शेड तर वाचली." त्याने मान हलवली.

मानपत्र मी पुन्हा लिहिलं. ते वाक्य काढलं आणि त्या जागी काहीच घातलं नाही. सत्काराच्या दिवशी मानपत्र वाचायच्या आधी समाधानने स्वतःच माइक मागून घेतला आणि विहारातल्या सगळ्यांना सांगितलं. समितीतला एक तरुण अस्वस्थ झाला. "हे आधी सांगायचं ना भावा. बाहेर फरशीवर नाव कोरून झालंय, शिल्पकार म्हणून." समाधान म्हणाला, "नाव काढून टाका." मागून दोघं-तिघं एकदम बोलायला लागले.

गिरजाबाईंनी हात वर केला तेव्हा शांतता झाली. "काढायचं कशाला? आम्ही काय मूर्तीला नवस बोलतो? समोर बसलं की डोकं शांत होतं, एवढंच आमचं काम. माझे दात पण मशीनवरच झालेत. जेवते मीच ना?" सगळं विहार हसलं. मानपत्र दिलं गेलं, शाल घातली गेली, जेवणात गुलाबजाम होते. फरशीवरचं नाव तसंच राहिलं.

मला वाटलं, आता त्याच्या मनावरचं ओझं उतरेल. पण काही दिवसांनी तो पार्किंगमध्ये भेटला तेव्हा म्हणाला, "बाई, एकही माणूस रागावला नाही." तक्रार केल्यासारखं म्हणाला. लोकांनी त्याला इतक्या सहज माफ केलं होतं की आपण काय केलं हे त्यांना कळलंच नाही, अशी त्याची समजूत झाली होती. कदाचित ती खरीही असेल. विहारातल्या माणसांना चेहरा हवा होता, तो मिळाला होता. अर्धा चेहरा न येणं म्हणजे काय, हे फक्त दोघांना माहीत होतं, आणि त्यातला एक बोलत नव्हता.

मी तेव्हापासून पुष्कळदा विचार करते. आम्ही शाळेत निकाल बघायचो. उत्तर बरोबर आलं की पुढे. एखाद्या मुलाने ते शेजाऱ्याच्या वहीतून घेतलं असेल तर रागवायचो, पण ते दुसऱ्याचं होतं म्हणून. समाधानने तर स्वतःच्याच वहीतून घेतलं होतं. त्यात चूक कुठे, हे मला आजही नीट मांडता येत नाही. एवढंच दिसतं की ती उजवी बाजू करणारा समाधान डावीपाशी थांबला, आणि पुढे गेला असता तर काय झालं असतं हे आता कोणालाही कळणार नाही. मूर्ती कदाचित बिघडली असती. नानांच्या सरपंचासारखी कुठेतरी दाराशी उभी राहिली असती. मग पौर्णिमेला विहारात जुनीच मूर्ती असती, एका कानाची. आणि गिरजाबाई "आला गं माय" म्हणाल्या नसत्या. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि समाधानला दोन्ही ठाऊक आहे. माझ्या मते त्याची झोप त्यामुळेच उडाली होती.

नाना पावसाळाभर त्याचा फोन घेत नव्हते. केसरबाई घ्यायच्या. "येऊ नगं म्हनत्यात," त्या सांगायच्या, "पन रोज संध्याकाळी इचारत्यात, कुनाचा फोन आल्ता का." तालमीची माणसं नानांकडे परत गेली होती. जुन्या पैलवानाचा उभा पुतळा हवा होता त्यांना, आणि नानांनी तो घेतला. समाधान दर रविवारी थेरगावला जायचा, शेडच्या बाहेर मोटारसायकल लावायचा, केसरबाईंनी दिलेला चहा दारातच प्यायचा आणि परत यायचा. आतून थापीचा आवाज यायचा. श्रद्धा वैतागली होती. "बाई, तुम्ही तरी सांगा ह्यांना. लोक रविवारी मॉलला जातात, आमचे साहेब चहा प्यायला थेरगावला जातात."

मी काही सांगितलं नाही. हे माझ्या सांगण्याच्या पलीकडचं होतं.

मग एका रविवारी तो दुपार झाली तरी परतला नाही. संध्याकाळी जिन्यात भेटला तेव्हा त्याच्या कोपरापर्यंत माती सुकली होती, करडी, शाडूची. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"काही नाही. मी दारात होतो. म्हणाले, चहा पिऊन झाला असंल तर पाय कर त्याचे, मला आता खाली वाकवत नाही."

"आणि चेहरा?"

"तो त्यांनी झाकून ठेवलाय."

दोन्ही विहारांना आणि त्या शाळेला त्याने आता रीतसर नाही कळवलंय. चाकणची नोकरी चालू आहे, तिथे तो अर्ध्या गाड्या करतो. रविवारी सकाळी थेरगावला जातो आणि सध्या पैलवानाच्या डाव्या पायाची बोटं करतो आहे.